बाळाला कोणी धरलं?

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पोर्टक्रेगची माणसं म्युरियल ड्यूगिडकडे आपले पूर्वज शोधायला यायची. मंगळवारी चर्चच्या मागच्या खोलीत ती संगणकावर दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी उघडून बसे आणि जुन्या कारकुनांचे विसरलेले शब्द उलगडून सांगे. 'अमव्हाइल' म्हणजे दिवंगत, 'रेलिक्ट' म्हणजे मागे राहिलेली विधवा. हे सोपे. पण त्या कारकुनांना दयामाया नव्हती. चार दिवसांच्या अर्भकाच्या नावापुढेही ते असं काही खरडून ठेवत की वाचणाऱ्याने मान खाली घालावी. असा शब्द आला की म्युरियल आधी चहा टाकायची आणि मग अर्थ सांगताना त्याची धार जरा बोथट करायची. मेलेल्या माणसांची अब्रू पुन्हा कशाला काढायची, असं तिचं म्हणणं. त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

वॉटी लायपर आला तो तोऱ्यातच. हा शाळेत म्युरियलच्या वेण्या ओढायचा. पुढे सारा जन्म मासेमारीच्या बोटीवर गेला. त्याच्या नातीला, रोनाला, नुकतीच मुलगी झाली होती आणि बाळाचा बाप केव्हाच पसार झाला होता. रविवारी बाप्तिस्मा होता. आपण चर्चची पायरी चढणार नाही, हे वॉटीने धक्क्यावर सगळ्यांना ऐकवलं होतं. "आजोबा नसतील तर मला बाप्तिस्माच नको," म्हणत रोना म्युरियलच्या स्वयंपाकघरात बसून रडून गेली होती.

"माझं घराणं काढ," वॉटी खुर्चीत बसत म्हणाला. "पार मुळापर्यंत. चर्चच्या वडीलमंडळात लायपर नाही असं कधी झालं नाही. कळू दे त्या पोरीला, कुणाच्या नावाला बट्टा लावलाय ते."

"बट्टा कसला रे? गुटगुटीत बाळ आहे चांगलं."

"तुला काय कळणार? तुझ्या घरात मांजराखेरीज आहे कोण?"

म्युरियलला ते लागलं. पण ती संगणकावर एकेक पिढी मागे जात राहिली. शेवटी सगळ्यांत जुनी नोंद सापडली, अलेक्झांडर लायपरच्या बाप्तिस्म्याची. तिने ती वाचली आणि किटली लावायला उठली.

"बस खाली," वॉटी म्हणाला. "तू चहा टाकलास की काहीतरी भानगड असते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लिहिलंय तसं वाच."

तिला रोनाचे सुजलेले डोळे आठवले आणि आज तिने धार बोथट केली नाही. "मार्जरी लायपर हिला लग्नावाचून, पापातून झालेला मुलगा. बापाचं नाव सांगायला ती तयार नाही." तिने पडद्यावरून मान वर केली. "लायपर हे नाव तुमच्याकडे बाईकडून आलंय, वॉटी."

वॉटीचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "आणि हे पुढचं? हा शब्द कसला?"

"'वर धरलं' असं आहे ते. बापाने बाळाला हातांवर घेऊन सगळ्या चर्चसमोर उभं राहायचं आणि त्याच्या वतीने शपथ घ्यायची. बाप नसेल तर दुसऱ्या कुणीतरी धरायचं. नाहीतर बाप्तिस्मा नाही."

"मग ह्याला धरलं कुणी?"

"मार्जरीच्या बापाने. जेम्स लायपर, कोळी. लेकीला चर्चने आधी शिक्षा म्हणून कित्येक रविवार लोकांसमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवलं होतं. त्याच लोकांसमोर हा नातवाला घेऊन उभा राहिला."

बाहेर सीगल पक्षी कलकलत होते. वॉटी आपल्या जाडजूड, दोरांनी घासलेल्या तळव्यांकडे बघत बसला.

"माझी तिन्ही पोरं मी समुद्रावर असताना झाली," तो म्हणाला. "हातात आली ती चालायला लागल्यावर. तान्हं असं मी कधी धरलंच नाही, म्युरियल."

म्युरियलने आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"डोकं कुठल्या हातावर घ्यायचं असतं?" त्याने विचारलं.

तिने अंगातला स्वेटर काढला, त्याची वळकटी केली आणि त्याच्या डाव्या हातावर ठेवली. "कोपर वाकव. मासळीची पेटी नाहीये ती. उजवा हात खालून. आता छातीशी घे."

"रविवारी पाडलं तर?"

"नाही पाडणार."

तो श्वास रोखून बसला होता. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी ते पुसायला त्याने हात काढला नाही.

"दे आता माझा स्वेटर," बऱ्याच वेळाने म्युरियल म्हणाली. "थंडी वाजतेय मला."

"थांब जरा," वॉटी म्हणाला आणि तसाच बसून राहिला.