काटा निजला का?

महिपतची आणि माझी पहिली भेट हवेत झाली. १९८९ साल. गोडदेवला माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा गाळा होता आणि शेजारी जितेंद्रभाईंचा स्टीलच्या भांड्यांचा. त्यांच्या हायड्रॉलिक प्रेसच्या पाइपातून तेल गळतंय का, हे बघायला मी तळहात पुढे केला. तेवढ्यात कुणीतरी मागून कॉलर धरली आणि मी निघालो. मला आठवतं त्याप्रमाणे खाडी ओलांडली, वसईच्या किल्ल्याला एक फेरी मारली आणि परत येऊन पातेल्यांच्या ढिगात बसलो.

"हात न्हाई लावायचा, सायेब," कॉलर धरणारा म्हणाला. "बारीक धार दिसतबी न्हाई. सुईवानी कातड्यात घुसती. पुठ्ठा धरायचा."

पुठ्ठा माझ्याच गाळ्यातला होता.

हा महिपत, मराठवाड्यातून आलेला, त्या प्रेसचा पंप ऑपरेटर. रोज सकाळी तेलाची पातळी बघायचा, अर्थिंगची तार तपासायचा, मग चष्मा लावून बटण दाबायचा. पाइप खोलण्यापूर्वी मोटर बंद, व्हॉल्व्ह हळूहळू मोकळा आणि प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर. मग तो विचारायचा, "काटा निजला का?" आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "निजला." त्याची बायको मनोरमा सांगायची, की घरी कुकरला काटा नाही म्हणून हा माणूस शिट्टी होईपर्यंत जिन्यात उभा राहतो.

त्र्याण्णवच्या खंडेनवमीला जितेंद्रभाईंच्या आईने, म्हणजे बाने, प्रेसची पूजा केली. हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा जाड हार नेमका गेजवर घातला. दसऱ्याची सुट्टी झाली. तिसऱ्या दिवशी जितेंद्रभाई स्वतः पाना घेऊन जुना पाइप खोलायला बसले.

"थांबा शेट. काटा निजला का?"

"अरे, दो दिन से मशीन बंद आहे. प्रेशर काय मामाच्या घरून येणार?"

"बंद करताना व्हॉल्व्ह कुणी मोकळा केला?"

"पूजेच्या गडबडीत कोण करतोय? तू आरतीला उभा होतास ना!"

"हार काढून बघू."

"बाचा हार आहे. संध्याकाळपर्यंत हात नाही लावायचा. लावलास तर उद्यापासून येऊ नकोस."

जितेंद्रभाईंनी पाना नटाला लावला. महिपतने हार ओढला. फुलं सगळ्या गाळ्यात पसरली आणि काचेमागे काटा ताठ उभा दिसला. शंभराच्या थोडा पुढे.

जितेंद्रभाईंनी पाना खाली ठेवला, स्वतःची बोटं एकदा नीट बघितली आणि चहा मागवला. महिपतने व्हॉल्व्ह हळूहळू मोकळा केला. बाने फुलं पदरात गोळा केली. पुढच्या वर्षापासून हार मोटरच्या झाकणावर घालायचं ठरलं.

शहाण्णवला गाळा बंद पडला. जितेंद्रभाईंनी दहाही बोटांनी शटर ओढलं. महिपतला हार काढल्याबद्दल तीन वर्षांपूर्वीच काढून टाकलं होतं.