अर्ध्या बोटाचा भाव

आष्टीला आम्ही चार वर्षं दुसऱ्याच्या घरात, अर्ध्या सोप्यावर काढली. आमचे हे तहसील कचेरीत कारकून. उर्दूत अर्ज लिहिण्यात हुशार आणि बाकी सगळ्या बाबतीत गरीब गाय. घरमालकीण माझ्या भांड्यांवरची झाकणं उचलून बघायची. आज कांदा जास्त, काल तेल जास्त, असं तिचं रोजचं चालायचं. एकदा तिनं मला न विचारता माझ्या आमटीत पाणी ओतलं. त्या दिवशी मी ह्यांना सांगून टाकलं, मला माझी स्वतःची चूल पाहिजे, नाहीतर मी चालले माहेरी. मी बोलते तशी वागते, हे त्यांना ठाऊक होतं.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. गावात घरांचा म्हणून वेगळा दलाल नव्हता. जो बैलांचा तोच घरांचा. त्यानं आम्हाला वेशीजवळचं एक माळवदाचं घर दाखवायला नेलं. आत शिरल्या शिरल्या बैलाच्या पाठीवर मारतात तशी त्यानं मधल्या खांबावर थाप मारली.

"बगा, मुन्शीजी. घर सहा दाती हाय, ऐन भरातल्या बैलावानी. अजून लई वरसं कामाला येईल."

"छत गळतं का?" मी पदराआडून विचारलं.

त्यानं उत्तर मात्र ह्यांना दिलं. "आष्टीत पाऊस कुटं पडतोय? गळायला आदी पडाया तर पायजे!"

शेजारीण कजाग होती, त्याचेसुद्धा त्यानं भावात पैसे लावले. तिच्या तोंडाला चोर लागत नाही म्हणे. मला घर बाकी आवडलं. स्वयंपाकघराला पूर्वेकडे झरोका होता आणि चूल त्याच्या बरोबर खाली. मी तिथं मनानं भाकरी थापायलाही बसले. दलालाच्या ते लक्षात आलं असावं, कारण दुसऱ्या खेपेला आकडा न सांगताच त्यानं भाव चढवला.

"तुमी परत बगायला आलात, म्हंजे घराला मागणी हाय," तो म्हणाला.

"अहो, पण ती मागणी आमचीच आहे," हे म्हणाले.

"कुनाची का असंना! मागणी ती मागणी."

ह्यांनी मान डोलावली. माझ्या कपाळाची शीर उठली.

घर एका एकट्या विधवा म्हातारीचं होतं. ते विकून ती चकलांब्याला दिराकडे राहायला जाणार होती, आणि तिच्या वतीनं सौदा दीरच करत होता. आम्ही तीनदा घर बघितलं. तिन्ही वेळा दलालानं म्हातारीला देवळात धाडून दिलेलं. खरेदी होईपर्यंत मालकानं आणि गिऱ्हाइकानं एकमेकांचं तोंड बघायचं नसतं, सौदा नासतो, असा त्याचा नियम. लग्नातला अंतरपाट ह्यापेक्षा लवकर निघतो.

भाव तोंडानं बोलायचा नाही, हा दुसरा नियम. बैलबाजारात करतात तसं दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटं धरायची. एक बोट म्हणजे निजामी शिक्क्याचे शंभर हाली रुपये, पंजा म्हणजे पाचशे. ह्यांनी घातला हात. दोघं आभाळाकडे बघत उभे, उपरणं मात्र वळवळत होतं. मग हे हसतमुखानं माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "साडेचारशे! चार बोटं आणि एक अर्धं. मी नीट चाचपलं."

झालं असं होतं की दलालाच्या उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापासून तुटलेलं होतं. कधी सांगायचा अडकित्त्यात गेलं, कधी सांगायचा बैलानं चावलं.

"मुन्शीजी," दलाल गंभीर होऊन म्हणाला, "पंजा म्हंजे पंजा. माजं बोट तुटलं म्हनून पाचाचं साडेचार हुतंय व्हय? गरिबाच्या तुटक्या बोटावर सौदा करता?"

ह्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्यांनी पाचशे कबूल केले आणि वर त्याची माफी मागितली. लग्नातल्या माझ्या पाटल्या मोडायचं त्याच संध्याकाळी ठरलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. चुलीपुढे पाटल्यांचं काय काम?

खरेदीच्या आदल्या दुपारी मला राहवेना. आपलं जातं झरोक्याखाली मावतं का, हे बघायला मी दोरी घेऊन एकटीच गेले. दलाल बाजारात होता. म्हातारी घरातच बसलेली, पुढ्यात बांधलेलं गाठोडं. मी कोण ते सांगितलं. सौदा नासेल म्हणून तिनं आधी डोळे मिटून घेतले, मग एक उघडला.

"साडेचारशे देताय न्हवं?" तिनं विचारलं.

"पाचशे."

"दीर तर म्हनला साडेचार. उपरन्याखाली त्यानं सोता चाचपलंय. चार बोटं न् एक आर्दं."

घेणाऱ्याच्या हातात तेच बोट पुरं आणि विकणाऱ्याच्या हातात अर्धं! मधले पन्नास त्या थोटकावर उभे. मला हसू आवरेना, म्हातारीही तोंडाला पदर लावून हसली.

"जाऊ दे, बाई," ती म्हणाली. "आसल्या घराचे तेवडे आले तरी लई झाले. आज पडंल का उद्या, असं झालंय. दलाल म्हनला, म्हातारे, ह्या घराचे दात पडले. झोपेत अंगावर येईल, त्याआदी सूट."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या घराला कुणी म्हातारं म्हणतंय हे मला सहन झालं नाही. मी उठले, मधल्या खांबावर थाप मारली आणि दलालाचं सगळं पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं. खांब सागाचा, घर सहा दाती, अजून पुष्कळ वर्षं कामाला येईल. कुठल्या भिंतीला भेग नाही, तेही बोट लावून दाखवलं. शेजारणीमुळे चोर येत नाहीत, हेसुद्धा सोडलं नाही.

म्हातारी उठून खांबाजवळ आली. तिनंही एक थाप मारली आणि कान लावला.

"म्हंजे पडत न्हाई हे?"

"छे!"

"मग मी चकलांब्याला कावून जाऊ?"

ह्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दलालाला सुचलं. मालकिणीला विकायचंच नाही म्हटल्यावर घराचा भाव सहाशेवर गेला, असं तो म्हणाला, आणि आमचे हे खरोखर विचारात पडले. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी मी हातात दोरी धरून नुसती उभी होते. मला तिचा भयंकर राग आला. तिचं स्वतःचंच घर तिला ठेवायचं होतं, म्हणून त्या रागाला धड तोंडही नव्हतं.

म्हातारीनं तोवर गाठोडं सोडलं. तवा काढला, परात काढली, डबा उघडून पीठ घेतलं आणि झरोक्याखालच्या चुलीत काटक्या सारल्या. जाळ धरला तशी ती वळून माझ्याकडे बघून हसली. तिचे खरंच दोनच दात राहिले होते.

"हुबी कावून?" ती म्हणाली. "बस की, बाई. गरम भाकर खाऊन जा. घर आपलंच समज."

मी बसले.