डिकीतली चाकं

पारोळ्यात धुळ्याच्या रस्त्याला वना नानांचं टायरचं दुकान आहे. नाव नानांचं, हात थोरल्या लेकीचे, पुनमचे. नानांची कंबर गेली तेव्हा पुनम बारावीला होती आणि धाकटी मयुरी शाळेत. आई आधीच गेलेली. पुनमनं जॅक हातात घेतला तो घेतलाच. ट्रॅक्टरचं मागलं चाक ती एकटी उतरवायची. स्थळं आली, पोरगी पंक्चर काढते म्हणून परत गेली. एक स्थळ तयार होतं, पण तेव्हा मयुरीचं जळगावचं कॉलेज चालू होतं आणि दुकान सोडून जायला पुनमचा पाय निघाला नाही.

नानांनी तिला कधी वाईट वागवलं नाही. पण चांगलं म्हटल्याचंही तिला आठवत नव्हतं. एकदा जीपच्या चाकाचा नट सैल राहिला, तर नाना आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते.

मयुरीचं लग्न पहूरच्या योगेंद्रशी झालं. तो नाशिकला एका शोरूममध्ये होता. तिथं माणसं कमी केली तेव्हा नानांनीच त्याला बोलावून घेतलं. तो आला तो एक हातात धरायचं मशीन घेऊन. आल्या दिवशीच नानांनी गल्ल्याशेजारची खुर्ची त्याच्यासाठी पुसली. त्या खुर्चीवर पुनम दुपारी डबा खायला बसायची. त्या दिवशी तिनं उभ्यानंच भाकरी खाल्ली आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

योगेंद्र माणूस वाईट नव्हता. खरं तर तेच अवघड होतं. "ताई, तुम्ही बसा, मी बघतो," असं तो म्हणायचा, आणि पुनमला वाटायचं आपल्या हातातलं काहीतरी काढून घेतलं. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "ते भाऊ नाहीत का?" नाना चहावाल्याला सांगायचे, "मन्हा जावाई शे. नासिकना शोरूमम्हा होता. त्याले बठ्ठं समजस." पुनम तिथंच गाडीखाली असायची आणि घट्ट झालेला नट आणखी एकदा आवळायची.

डॉक्टर सविता ही पुनमची जुनी गिऱ्हाईक. धुळ्याला राहायच्या, गुराढोरांच्या डॉक्टर. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवारांतून गाडी न्यावी लागे, म्हणून त्यांनी खोल खाचांच्या टायरांची वेगळी चार चाकं घेतली होती. मृग लागायच्या आधी ती चढवायची, दिवाळी झाली की उतरवून गुळगुळीत रस्त्याची चाकं लावायची. दर वर्षी हे काम पुनमच करी. दोघी चहा घेत, गाईम्हशींच्या गोष्टी चालत.

अडचण एकच होती. गाडीच्या मूळ चाकांत सेन्सर होते. सेन्सर म्हणजे चाकाच्या आत, हवेच्या नळीच्या बुडाशी बसवलेली छोटी डबी. चाकात हवा किती आहे हे ती गाडीला कळवते आणि समोरच्या पडद्यावर चार आकडे दिसतात. पावसाळी चाकांत तसलं काही नव्हतं, त्यामुळे तो सगळा हंगाम पिवळा दिवा पेटलेला असे. "पेटू दे, मी हात लावून बघते ना," असं पुनम म्हणायची आणि सविताबाईंना ते चालायचं.

त्या जूनमध्ये योगेंद्रनं पावसाळी चाकांतही सेन्सर बसवले. मग मशीन गाडीला जोडलं, प्रत्येक चाकाजवळ नेऊन धरलं आणि म्हणाला, "प्रत्येक सेन्सरचा नंबर वेगळा असतो, मॅडम. चाकं बदलली की गाडीला नव्या चाकांची ओळख करून द्यावी लागते. नाहीतर ती जुन्यांनाच शोधत बसते."

दिवा विझला. सविताबाई हसल्या. "पुनम, इतकी वर्षं आपण उगाच सोसलं की गं!"

त्या सहज बोलल्या, पण पुनमच्या मनात ते वाक्य मुक्कामालाच आलं. योगेंद्र नंतर म्हणाला, "ताई, तुम्हाला शिकवू का हे?" ती म्हणाली, "मला नको." पण तो मशीन चालवायचा तेव्हा ती पान्हा पुसत बाजूला उभी राही आणि त्याच्या बोटांकडे बघे. हेव्यानं बघता बघता तिला सगळं येऊ लागलं.

दिवाळीनंतर सविताबाई चाकं बदलायला आल्या तेव्हा योगेंद्र मयुरीला घेऊन जळगावला दवाखान्यात गेला होता. तिला दिवस गेले होते.

नाना म्हणाले, "जावाईले फोन लाव."

"चाकं बदलायला फोन कशाला?"

"ते सेन्सरनं काम तुले नही समजस."

सविताबाईंच्या समोर बोलले. पुनमचे कान तापले. तेवढ्यात योगेंद्रचाच फोन आला. "ताई, मशीन कपाटात आहे. चाकं चढवली की गाडीला जोडून चारही वाचून घ्या. तुम्ही बघितलंय, तुम्हाला येतं."

तुम्हाला येतं. बापानं कधी न दिलेला दाखला यानं फोनवरून दिला. तिला तो भिकेसारखा वाटला.

तिनं चाकं बदलली. काम चोख केलं, हवा मोजून भरली. उतरवलेली चाकं मागलं सीट पाडून डिकीत रचली, कारण सविताबाई ती घरी ठेवायच्या. मग कपाट उघडलं, मशीनकडे पाहिलं आणि कपाट लावून टाकलं. तिचा हिशेब साधा होता. गाडी नव्या चाकांना ओळखणार नाही, वाटेतल्या मुकटीपर्यंत दिवा पेटेल, बाई फोन करतील, आणि जावयाचं काम टिकलं नाही हे नाना स्वतःच्या कानांनी ऐकतील. एवढंच.

दिवसभर ती फोनची वाट बघत राहिली. फोन आला नाही. तेव्हा तिला वाटलं, याचं काम असलं कसलं, न करताही होतं! त्या रात्री तिला जेवणही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, तो धुळ्याच्या दवाखान्यातून. सविताबाई साक्री रस्त्यानं नेरकडे निघाल्या होत्या. मागलं एक चाक हळूहळू बसत गेलं, वेगात टायर फाटला आणि गाडी रस्ता सोडून कपाशीच्या शेतात गेली. गळ्याखालचं हाड मोडलं होतं.

"पडद्यावर चारही आकडे नीट होते, नाना," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. "म्हणून मी खाली उतरून बघितलंच नाही."

जळगावहून परतलेला योगेंद्र आणि पुनम धुळ्याला गेले. गाडी एका गॅरेजच्या आवारात उभी होती. फाटलेल्या चाकाच्या नळीचं रबर पडून पडून वाळलेलं होतं, हवा तिथूनच गेली होती. पण पडद्याचं कोडं सुटेना. योगेंद्रनं डिकी उघडली. पावसाळी चाकं आत तशीच रचलेली होती, घरी उतरवायची राहूनच गेली होती. त्यानं एका चाकाच्या नळीवर बोट ठेवलं.

"हे बोलत होते," तो म्हणाला. "गाडीला यांचीच ओळख होती. धक्क्यांनी सेन्सर जागे राहिले आणि डिकीत बसून सांगत राहिले, की हवा ठीक आहे. रस्त्यावरच्या चाकांना कोणी विचारलंच नाही."

तो आता आपल्याकडे वळेल, विचारेल, म्हणून पुनम उभी राहिली. त्यानं विचारलं नाही. नानांना फोन लावला आणि म्हणाला, "माझं चुकलं, नाना. उतरवलेली चाकं डिकीत ठेवू नका, हे मीच सांगायला हवं होतं."

सुटले, असं तिला वाटलं. ते क्षणभरच. मग भयंकर राग आला. चुकीतसुद्धा हाच मोठा!

संध्याकाळी दुकानात नाना जावयाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या बापू. मानूस शे, चुकस."

एका सैल नटासाठी आठवडाभर गप्प राहिलेला बाप तिला आठवला. जी माफी तिला कधी मिळाली नव्हती ती तिच्याच पापावर दुसऱ्याला मिळत होती. पुनमला ते सहन झालं नाही. तिच्या तोंडून निघून गेलं, "त्यांनी नाही, नाना. मी केलं ते. मशीन मी मुद्दाम लावलं नाही."

"काय?"

"दिवा पेटावा म्हणून. त्यांचं नाव खराब व्हावं म्हणून."

हे पश्चात्तापानं झालं असं म्हणायला छान वाटेल. पण पुनम स्वतः तसं म्हणत नाही. पश्चात्ताप दुसऱ्या दिवशी आला, सविताबाईंच्या खाटेशी. त्यांचा हात गळ्यात बांधलेला होता आणि चेहरा सुजलेला होता. पुनमनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"तुझ्या हातावर डोळे मिटून गाडी सोडायचे मी," त्या म्हणाल्या. "जा आता."

त्या पुन्हा दुकानात आल्या नाहीत. त्यांची गाडी आता धुळ्यातच कुठंतरी जाते.

नाना कितीतरी दिवस पुनमशी बोलले नाहीत. योगेंद्रही कामापुरतं बोलायचा. एकदा दुकान झाडताना तो म्हणाला, "आधी सांगितलं असतं, तर मी दुसरीकडे काम बघितलं असतं."

"मला तेच हवं होतं," पुनम म्हणाली. "पण ते तोंडानं कसं सांगणार?"

उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यानं जळगावात, पिंप्राळ्याला स्वतःचं छोटं दुकान टाकलं. पुनमनंही नंतर मशीन मागवलं. सेन्सरचं काम आता तीच करते. गाडी सोडण्याआधी डिकी उघडायला लावते, आत चाक दिसलं तर ओळख नीट झाली की नाही हे पुन्हा तपासते. तिच्या मागे बसलेले नाना गिऱ्हाईकाला सांगतात, "मन्हा जावाईनी शिकाडं तिले." ती ऐकते आणि काम चालू ठेवते.

मयुरीच्या मुलीच्या बारशाला नाना आणि पुनम पिंप्राळ्याला गेले. घुगऱ्या वाटून झाल्यावर योगेंद्र त्यांना दुकान दाखवायला घेऊन गेला. कोपऱ्यात चाकाचा तोल बघायचं नवंकोरं मशीन होतं, त्याचं प्लॅस्टिकही पुरतं निघालेलं नव्हतं. नाना त्याच्याभोवती फिरले, त्यांनी हात फिरवला, मान डोलावली. पुनमच्या छातीत तेच जुनं काहीतरी हललं. गेलेलं नव्हतं ते.

"चांगलं आहे मशीन," ती म्हणाली.

योगेंद्र एक चाक उचलून तिच्या पुढ्यात ठेवत म्हणाला, "चालवून बघा, ताई."

तिनं पदर खोचला, चाक चढवलं आणि बटण दाबलं. तिच्या दुकानातल्या तोलाच्या जुन्या मशीनपेक्षा याचा आवाज पुष्कळच कमी होता.