बेटावरची पहिली घागर

वडील गेले त्या वर्षी मी सुरतेजवळच्या आखातातल्या एका ओसाड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचं काम करत होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. वडील सुरतेतल्या भेस्तानला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कारागीर होते, आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. धुळे जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आजोबांकडे राहून मी शिकलो, बी.एस्सी. होऊन सुरतेला आलो आणि हे काम मिळालं ते सरांमुळे. सर मूळचे रत्नागिरीकडचे, सुरतेच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी कुठून आलो, कोणाचा मुलगा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पक्षी हातात कसा धरायचा ते तेवढं शिकवलं. त्यांचे उपकार माझ्यावर आहेत.

थंडीत आलेले चिखल्या आणि तुतवार चैत्र-वैशाखात उत्तरेला परत निघतात. निघण्याआधी खाऊन खाऊन गोल होतात. चिखल्यांच्या छातीवर तर तांबूस पट्टा उमटतो, थंडीत तो नसतो. अमावास्येच्या उधाणात सगळा चिखल बुडाला की हे पक्षी बेटाच्या कोरड्या टोकावर गोळा होतात. अंधारात दिसू नयेत अशी बारीक जाळी आम्ही तिथं लावायचो आणि अडकलेले पक्षी फडकं लावलेल्या खोक्यांत ठेवायचो. उजाडलं की एकेक बाहेर काढून कडी घालायची, पंख मोजायचा, सोडून द्यायचं. मी कडीवरचा आकडा मोठ्यानं सांगायचा, सरांनी तो जसाच्या तसा परत म्हणायचा आणि मगच लिहायचा. बेटावर वारा फार, ऐकण्यात चूक व्हायची. परत म्हटल्याचं कानावर आल्याशिवाय मी मूठ उघडायची नाही, असा सरांचा नियम होता.

वडील कार्तिकात गेले. खात्यातून घरी आले, भिंतीला टेकून बसले आणि उठलेच नाहीत. जे जे करायला सांगितलं ते मी केलं. रडलो मात्र नाही. पुढे महिने गेले तरी आत काही हललं नाही. जेवण जायचं, झोप यायची. काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. वर्षात जो गेला असेल त्याची पहिली घागर त्या दिवशी भरायची. मुलानं पाणी सोडायचं आणि गेलेल्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. आमच्या घरी हे दुसरं कोणी करणार नव्हतं. मी एकुलता एक, आणि आईनं जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. पण आखाजी येते अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन उधाणात. आमच्या कामाचे दिवस नेमके तेच. बेटावर निघताना मी आईला सांगितलं, "मला येता येणार नाही. पुढच्या वर्षी भरू."

"पहिली घागर पुढला वरीसले कशी भरतस रे?" आई तिच्या अहिराणीत म्हणाली.

मी पिशवी उचलली आणि निघालो.

आखाजीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या भरतीला, आमच्या पिण्याच्या पाण्याचे कॅन घेऊन होडी आली. कॅनच्या मधे आई बसलेली. मांडीत मातीची घागर, शेजारी टोपली. भेस्तानहून रिक्षानं बंदरावर येऊन तिनं 'पाखरे धरनारा मास्तर कोठे ऱ्हास' असा सरांचा पत्ता विचारत विचारत होडी गाठली होती.

होडीवाला सरांना म्हणाला, "माँजीने पूरे रास्ते डाँटा मुझे, साहब. बोली, घागर टूटी तो तेरी नाव डुबो दूँगी."

आई लुगडं घोट्याच्या वर धरून चिखलातून वर आली. चारी बाजूंना पाहून म्हणाली, "आठे ऱ्हास का तू? मानूस नही, झाड नही."

"ताई, बसा. आधी चहा घ्या," सर म्हणाले.

"चहा मंग, मास्तर. सकायले मना पोऱ्याले सुट्टी पाहिजे."

"सुट्टी कशाला? आपण इथंच करू."

ती रात्र तिनं सरांच्या तंबूत काढली. जाळ्यांचं काम आटोपल्यावर सर बाहेर सतरंजीवर झोपले.

उजाडलं तेव्हा खोकी भरलेली होती. ऊन चढायच्या आत पक्षी सोडायला हवेत आणि घागरही दुपारच्या आत भरायला हवी. मी आईकडे पाहिलं.

"पयले पाखरे सोडा," ती म्हणाली. "त्या जिवंत शेतस."

ती शेजारी बसून बघत राहिली. मी आकडे सांगत होतो, सर परत म्हणत होते. एका चिखल्याच्या पायात मी कडी दाबून बसवली तेव्हा तिनं विचारलं, "याना पायमा वाळा कसाले?"

"पुढं कुणाला सापडला, तर इथून गेलेला हे कळावं म्हणून."

"आनि नही सापडना ते?"

"बहुतेक सापडत नाहीतच."

"मंग?"

"मंग काही नाही."

शेवटचा पक्षी उडाल्यावर तिनं वाळू सारखी केली, घागर मांडली, कॅनमधलं पाणी भरलं. वर खरबूज ठेवलं, दोन आंबे, घरून करून आणलेल्या सांजोऱ्या. आमच्या चुलीतले निखारे काढून त्यांवर तूप आणि पुरणपोळीचा तुकडा टाकला. मी हात धुऊन बसलो. सर माझ्या मागं, आपल्या नेहमीच्या जागी, पेन्सिल हातात तशीच धरून बसले होते.

"नाव घे," आई म्हणाली.

मी नाव घेतलं. वडिलांचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. सकाळपासून ज्या आवाजात आकडे सांगत होतो त्याच आवाजात. आणि मागून सरांनी ते सगळं नाव जसंच्या तसं परत म्हटलं. स्वच्छ, सावकाश, एकही अक्षर न गाळता.

म्हटल्यावर ते दचकले. "माफ करा हं, ताई. सवयीनं..."

आईनं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला होता. वडील बाहेरच्या माणसाला घेऊन घरात शिरले की ती असाच ओढायची. खात्यात त्यांना सगळे 'खानदेशी' म्हणत, गल्लीतही तेच. सुरतेत कुणी त्यांचं पूर्ण नाव मोठ्यानं घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आईनंही ऐकलं नसावं.

"पुन्हा म्हना, मास्तर," पदराआडून ती म्हणाली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. मग मी म्हणतो."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. त्यानंतरच मी ओंजळीतलं पाणी सोडलं.

पितर म्हणून आईनं सरांनाच जेवायला बसवलं. डोक्यावर टॉवेल टाकून ते उन्हात बसले. ती वाढत गेली, ते नको नको म्हणत खात गेले. "कोकणात आम्ही एवढं गोड खात नाही हो, ताई." "मंगच वाळेल शेतस," त्यांच्या काटकुळ्या दंडांकडे बघत ती म्हणाली. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

भरतीला होडी लागली. टोपली घेऊन मी तिच्याबरोबर पाण्यापर्यंत गेलो. कुणाला तरी सांगावं म्हणून म्हणालो, "आई, मला अजून काही वाटत नाही."

तिनं माझ्या हातातली टोपली घेतली. मग म्हणाली, "नको वाटू दे. तुना बाप काय तुना डोयामा पानी देखाले येस का? नाव घिदं ना तू? मंग झायं."

मी मान हलवली. ती होडीत चढली आणि बसायची फळी ओली आहे म्हणून होडीवाल्याला बोलू लागली.