दिवाकरने धुतलेली घरं

माझा थोरला भाऊ दिवाकर पापडीला फोटो स्टुडिओ चालवायचा. त्याच्या टेबलावर कॅमेऱ्याच्या आधी तीन वस्तू हाताला लागायच्या: ओला पंचा, कंगवा आणि पावडरचा डबा. समोर नवरदेव असो की म्हातारी, तोंड पुसून, भांग पाडून, पावडर थापल्याशिवाय तो बटण दाबायचाच नाही. मी चिडवायची, "दादा, म्हशीचा फोटो काढलास तरी आधी तिला गोरी करशील." तो हसायचा. मलाही तेव्हा ती गंमतच वाटायची.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये ॲन्सेल्म मास्तरांनी त्याला बोलावलं. मास्तर आमच्या शाळेचे निवृत्त चित्रकला शिक्षक. घरामागच्या बावखलाच्या, म्हणजे वाडी शिंपायच्या तळ्याच्या काठावर, त्यांनी भलतीच शिल्पं उभी केली होती. पाचूबंदरहून आणलेल्या मोडक्या होडीच्या फळ्यांचा मनोरा, त्यात आडवी बसवलेली फुटकी मडकी. माडाच्या खोडांतून कोरलेल्या सात उंच बाया, प्रत्येकीच्या पोटात पोकळी. सगळं पाखरांनी राहावं म्हणून. मडक्यांत साळुंक्या असायच्या, एका बाईच्या पोटात पिंगळ्यांचं, त्या छोट्या घुबडांचं, जोडपं. लोक म्हणायचे, मास्तरांचं डोकं फिरलंय. मला मात्र तिथे गेलं की भरून यायचं.

बावखल होतं मास्तरांच्या पुतण्याच्या, फ्रेडरिकच्या नावावर. तो कुवेतला नोकरीला. तळं बुजवून इमारत बांधायचा त्याचा बेत होता. मास्तरांनी गयावया केली तेव्हा त्याने लिहिलं, पाखरं खरंच राहतात असं फोटोत दिसू द्या, मग मी तळ्याला हात लावत नाही. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दादाचा हात धरून ते म्हणाले, "दिवा, तू काढ रे बाबा. हे तळं गेलं तर मी कशाला राहू?"

फोटो फॉरेनला जायचा म्हटल्यावर दादाने जय्यत तयारी केली. कुणाला न सांगता बादली, ब्रश आणि चुना घेऊन गेला. मडक्यांवरची पांढरी शीट घासून काढली. बाहेर लोंबणारं गवत, चिंध्या उपसून फेकल्या. बायांची पोटं आतून पुसली, मडक्यांना चुन्याचा हात दिला. उपसलेल्या गवतात निळी अंडी दिसली तेव्हा त्याने ब्रश टाकून दिला. अंडी परत ठेवली, जमेल तसं गवत कोंबलं. साळुंक्या माडावर कलकलाट करत होत्या. पिंगळे आधीच उडाले होते, संध्याकाळपर्यंत त्याही गेल्या.

मग चार दिवस तो चिंचेखाली कॅमेरा घेऊन बसून राहिला. जेवायलाही येईना. मी डबा घेऊन गेले तर म्हणाला, "नर्मदे, एक तरी येऊ दे गं. एकच."

मी भडकले. "अक्कल गहाण ठेवली होतीस का? ती काय माणसांची तोंडं होती पुसायला?"

त्याने डबा न उघडताच बाजूला ठेवला आणि पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. मला माझीच लाज वाटली.

मास्तरांना त्याने सगळं खरं सांगितलं. मास्तर चाचपडत मनोऱ्यापाशी गेले, एका मडक्यात हात घालून पाहिला. मग म्हणाले, "आहे ते पाठवू." पत्र त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. पाखरं होती, आमच्या चुकीने गेली, थोडा धीर धर.

फोटोत पाखरू एकही नव्हतं, पण दादाने आयुष्यात काढलेले ते सगळ्यात देखणे फोटो होते. तेच नडलं. फ्रेडरिकचं उत्तर आलं, "काका, शिल्पं फारच सुंदर! किती स्वच्छ! ती उचलून चर्चच्या आवारात मांडू. तळ्यात मातीचा भराव टाकायचं काम काशीराम कंत्राटदाराला दिलंय." ती खोडं बुंध्याशी कुजलेली, उचलली की मोडणार. आम्ही तसं कळवलं, तार केली. उत्तर नाही. दादा काशीरामच्या दारात जाऊन बसला.

"भाऊ, मालकाचा कागद हाय," काशीराम म्हणाला. "मी कोन थांबवनार?"

मेमध्ये एका सोमवारी सकाळी मातीचे ट्रक आले. मास्तर काठावर खाट टाकून बसले होते, उठायला तयार नव्हते. पहिल्या ट्रकने ओतलेल्या मातीच्या लोटानेच दोन बाया आडव्या झाल्या. तेवढ्यात टोकाच्या बाईच्या पोटातून पिंगळ्याचं डोकं बाहेर आलं. मागून दुसरं. कधी परतले होते कोण जाणे. पिंगळा चिरकला आणि मास्तर ताडकन उभे राहिले.

"आले! दिवा, आले! फोटो काढ, लवकर काढ!"

दुसरा ट्रक त्याच खोडाच्या दिशेने मागे येत होता. दादाच्या गळ्यात कॅमेरा होता. त्याने वाकून ढेकूळ उचललं आणि खोडावर मारलं. मग आणखी एक. पिंगळे उडाले, माडावर बसले आणि पुन्हा पोकळीकडे झेपावले.

"जा रे, जा," तो रडत ओरडत होता, "पुन्हा येऊ नका!"

"काढलास का?" मास्तर विचारत होते. "दिवा, काढलास का?"

दादा ढेकळं मारतच राहिला.