दोन्ही सांधे बदलायचे

चहा आधी संपवा, मग सांगतो. नाहीतर तो तुमच्या नाकातून बाहेर येईल. एका साध्या मराठी शब्दापायी मी सासुरवाडीच्या माणसांपुढं माझी अशी काही शोभा करून घेतली की विचारू नका!

मी रिटायर्ड वायरमन. आयुष्य खांबावर गेलं. घरी बसल्यावर हातांना चैन पडेना, म्हणून हिंगोलीतल्या घराच्या अंगणात खेळातली रेल्वे टाकली. रूळ मोगऱ्याला वळसा घालून तुळशीपाशी येतात. तिथं एका पत्र्यावर मी 'सेनगाव' असं रंगवलंय. खऱ्या सेनगावाला रेल्वे यायची तेव्हा येईल, माझ्या अंगणात ती आली!

आता रूळ जिथं फुटतो आणि गाडी इकडची तिकडं वळते, त्याला रेल्वेतली माणसं सांधा म्हणतात. माझ्याकडे असे दोन सांधे. विकतचे, प्लास्टिकचे. उन्हानं वाकले, मातीनं अडकले आणि प्रत्येक फेरीला इंजिन तिथं लोळण घ्यायला लागलं. शेवटी ठरवलं, जुने काढायचे, मजबूत बसवायचे आणि कारच्या दरवाजाच्या लॉकमधली छोटी मोटर जोडून ते व्हरांड्यातल्या बटणावर चालवायचे.

माझा दोस्त अन्वर गॅरेजवाला. त्याला फोन लावला आणि ऐटीत म्हणालो, "बस झालं, अन्वरभाई! दोन वर्षं तकलीफ काढली. आता दोन्ही सांधे बदलूनच टाकू, याच हप्त्यात!"

सरळ इंग्रजीत पॉइंट म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही, आम्हाला मायमराठीचा पुळका!

मागं माझी बायको, आमची सुमन, उभी होती. तिचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात. 'नांदेडला डॉक्टरकडं नेतो' असं मी तिला दर सणाला सांगायचो आणि सण झाला की विसरायचो. हे मुद्दाम सांगतोय, कारण इथं चूक माझीच आहे.

संध्याकाळी ताटात शेंगोळे आले, वर तुपाची धार. मी चाट पडलो.

"अहो, खरंच बदलायचे?" तिनं हळूच विचारलं.

"मग! किती दिवस असं ओढत न्यायचं?"

"लई तरास व्हईल का वो?"

"कसला त्रास? जुना काढायचा, नवा बसवायचा, चार स्क्रू पिळायचे. अर्ध्या तासाचं काम."

ती चारदा देवापुढं हात जोडून आली. माझ्या रेल्वेबद्दल तिला एवढा जिव्हाळा कधीपासून, असा विचार माझ्या डोक्यात यायला हवा होता. नाही आला!

तिसऱ्या दिवशी दारात जीप थांबली. साखऱ्याहून माझे मेहुणे दत्ताराव उतरले. मागून दोन वहिन्या, एक मावशी आणि पपयांची पिशवी. मावशींनी तर माझ्यावरून बोटं मोडली. "असा नवरा नशिबानं मिळतो गं!"

मी लाजलो. खरंच लाजलो!

दत्तारावांनी खुर्ची जवळ ओढली. "दाजी, डॉक्टर कोन हाय?"

"डॉक्टर कशाला? मीच करून राहिलो."

"तुमी?"

"मग? तीस वर्षं हेच तर केलं."

"पण... कुठं?"

"इथंच, अंगणात. तुळशीपाशी उजेड चांगला असतो."

दत्तारावांच्या कपाळावर घाम फुटला. "आन् भूल?"

"भूल कशाची? मेन स्विच बंद केला की झालं! मग वायर जोडायची. व्हरांड्यातनं बटण दाबलं की डावीकडं, परत दाबलं की उजवीकडं. आपोआप वळतात!"

दत्ताराव ताडकन उठले आणि त्यांनी बहिणीचा हात धरला. "सुमे, चल, जीपमंदी बस. या मानसाचं डोस्कं फिरलं!"

"अहो, काहून?" मी खिशातून नवा सांधा काढून त्यांच्यापुढं धरला. "हा बघा की रुळाचा सांधा! वीतभर तर आहे!"

सगळे त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग एक वहिनी फुसकन हसली आणि बाकीचे फुटलेच. मावशींना ठसका लागला. दत्ताराव तर खाली बसून हसले.

सुमन तेवढी हसली नाही. "मला वाटलं, माझे," एवढंच म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला. रुळाच्या तुकड्यासाठी मी तीन दिवस जीव टाकत होतो, आणि घरातलं माणूस दोन वर्षं कठडा धरून जिना चढत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिला गाडीत घातलं. दत्ताराव पहाऱ्याला बरोबर आले. आता त्यांचा माझ्यावर भरवसा नव्हता!

नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो काढले, पाय वाकवून बघितले आणि म्हणाले, "ताई, तुमचे सांधे चांगले आहेत. व्यायाम करा. बदलायची काही गरज नाही."

मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि उठलो. उठताना तोंडातून "आई गं!" निघालं.

डॉक्टर चष्म्यावरून बघायला लागले. "काका, खाली बसून काही काम करता का?"

"रोज चार तास रुळापाशी उकिडवे असतात," सुमन म्हणाली.

माझेही फोटो निघाले. डॉक्टरांनी ते उजेडात धरले आणि मान हलवली.

बाहेर येऊन सुमननं मावशींना फोन लावला. कालपासून पहिल्यांदा ती खळखळून हसत होती. "व्हय मावशी, डॉक्टरनं पक्कं सांगितलं. दोन्ही बदलायचे. माझे न्हाई वो, यांचे!"