कोल्हेकाकांची सही

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की हसून उठून जाणारा मी माणूस. नाचणगावात हार्डवेअरचं दुकान आहे. दिवसभर खिळे तोलणाऱ्याला असल्या गोष्टी सुचत नाहीत. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, म्हणून लिहितो...

शेजारच्या सुशीलाकाकूंना वडिलांकडून मिळालेलं घर विधवा सुनेच्या, मायाच्या नावे करायचं होतं. दहा वर्षं मायानेच त्यांचं सगळं केलं. एका बुधवारी दुपारी मृत्युपत्रावर सह्या ठरल्या. साक्षीदार दोन — मी आणि निवृत्त तलाठी कोल्हेकाका. काका उपचारासाठी अमरावतीला मुलाकडे होते. तरी चारला दारात हजर!

"काऊन रे, पेन नाई का तुयापाशी?" नेहमीसारखे माझ्यावरच डाफरले. काकूंनी आमच्यासमोर सही केली, मग मी, मग काकांनी. सहीखाली तारीख-वेळ टाकायची त्यांची जुनी खोड — ४:१०. मायाने दिलेला चहा पिऊन गेले. रिकामा कप मी स्वतः उचलला.

गुरुवारी त्यांच्या मुलाचा फोन आला. काका मंगळवारीच गेले... तिथेच अग्नी दिला, धावपळीत कळवायचं राहिलं.

मृत्युपत्र पुन्हा करू म्हणून काकूंकडे धावलो, तर सकाळपासून त्यांची वाचा गेलेली, हातही उचलेना. पंधरा दिवसांत त्याही गेल्या.

मृत्युपत्र टिकलं नाही तर माहेरचं घर काकूंच्या भावाच्या मुलाला जातं; आता त्याने कोर्टात हरकत घेतलीय, सोबत काकांचा मृत्यूचा दाखला. आमचे वकील म्हणाले, "दोन्ही साक्षीदारायनं सही केली, असं तुमाले शपथेवर सांगा लागते. बुढ्यानं तारीख टाकली नसती, तं मराच्या आधीच सही करून ठेवली म्हटलं असतं."

खरं सांगावं तर खोट्या सहीचा आळ माझ्यावर. पाहिलं नाही म्हणावं तर माया घराबाहेर. तिनेही पाहिलंय, पण घर तिलाच मिळणार, तिचं कोण ऐकणार? त्या दिवशी कोण आलं होतं, मला आजही सांगता येत नाही. फार असहाय वाटतं.

प्रतिज्ञापत्र सोमवारी द्यायचंय. काल माया दुकानात आली, घराच्या दाराला नवी कडी घ्यायला.

"भाऊ, काकाजीनं सही केली, तुम्ही पाह्यली नं?"

"पाह्यली."

"मंग तसंच सांगजा. खरं सांगायले कायचं भेव?"

कडी कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली.